सुट्या भागांत न सापडणारी पेशी

खराडीहून हडपसरकडे जायचं तर मुळा-मुठा ओलांडावी लागते. ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि आसपासच्या इमारतींत कामाला येणाऱ्या, नदीपलीकडे राहणाऱ्या माणसाला मुंढव्याच्या पुलाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पुलाला फाटे नसतात. या काठाचा एक रस्ता आणि त्या काठाचा एक रस्ता, एवढीच त्याची सोयरीक. नगर रस्त्यावरच्या खराडी बायपास चौकाला मात्र चहूकडून वाहनं येऊन मिळतात. चौक तुंबला तर माणूस चंदननगरच्या, वडगाव शेरीच्या गल्ल्यांतून कशीबशी वाट काढतो. पूल तुंबला तर दूरचा वळसा घेण्यावाचून गत्यंतर नाही. रस्त्यांच्या जाळ्यात एखाद्या ठिकाणाचं मोल त्याला किती रस्ते मिळतात यावर ठरतं, तसंच किती प्रवास त्याच्यावाचून अडतात यावरही ठरतं.

सजीव पेशीकडे असं पाहायला जीवशास्त्र गेल्या पंचवीसेक वर्षांत शिकलं. पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. ती एकमेकांना चिकटतात, सुटतात, एकमेकांना चालू-बंद करतात. एका एन्झाइमनं बनवलेला पदार्थ दुसऱ्याचा कच्चा माल होतो. या सगळ्या संबंधांचं जाळं कागदावर मांडलं, तर सुट्या प्रथिनाकडे पाहून न उमगलेल्या कितीतरी गोष्टी त्या जाळ्याच्या रचनेवरून उमगतात. हे काम पुण्यात पाषाणला, गणेशखिंडीत आणि खराडीच्या नदीपलीकडे हडपसरला चाललं आहे. खराडीत रोज कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या हजारो तरुणांना त्याची फारशी वार्ता नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण या कामाला लागणारं निम्मं कौशल्य त्यांच्या हातात आधीपासूनच आहे.

यादी हाती आली, तेव्हा

मानवी जनुकसंचाचं वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी माणसात लाखभर जनुकं असावीत, असा अंदाज अनेक जण बांधत होते. प्रत्यक्षात प्रथिनं घडवणारी जनुकं भरली साधारण २० हजार. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीच्या शरीरात प्रजननपेशी सोडून ९५९ पेशी असतात. त्याचीही जनुकं जवळपास तेवढीच. माणूस आणि कृमी यांच्यातलं अंतर जनुकांच्या संख्येत नाही, हे त्या दिवसांत ढळढळीत दिसलं. ते अंतर जनुकं केव्हा, कुठं आणि कोणाच्या सोबतीनं काम करतात यात असलं पाहिजे.

दुसरं कोडं यीस्टनं घातलं. पाव फुगवणाऱ्या या एकपेशीय बुरशीत सुमारे ६,००० जनुकं आहेत. शास्त्रज्ञांनी त्यातलं एकेक जनुक काढून पाहिलं. हजारेक जनुकं अशी निघाली की ती काढताच यीस्ट मेलं. उरलेल्या पाच हजारांपैकी कोणतंही एक काढलं, तरी प्रयोगशाळेतल्या सुखाच्या खाण्यापिण्यावर ते जगत राहिलं. मग ही पाच हजार जनुकं उत्क्रांतीनं कोट्यवधी वर्षं कशासाठी सांभाळली?

टोरांटो विद्यापीठातले चार्ल्स बून व ब्रेंडा अँड्र्यूज आणि मिनेसोटा विद्यापीठातले चॅड मायर्स यांच्या गटांनी याचं उत्तर शोधण्यासाठी जनुकं जोडी-जोडीनं बिघडवून पाहिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दुहेरी बिघाड असलेले २ कोटी ३० लाखांहून जास्त यीस्टप्रकार तयार केलेले होते. त्यातल्या सुमारे साडेपाच लाख जोड्यांत दोन्ही बिघाड एकत्र आल्यावर यीस्टची अवस्था अपेक्षेपेक्षा वाईट झाली. सुमारे साडेतीन लाख जोड्यांत ती अपेक्षेपेक्षा बरी राहिली. जे जनुक एकटं असताना निरुपयोगी वाटत होतं, ते दुसऱ्याच्या अनुपस्थितीत जीवनमरणाचं ठरत होतं. एक मार्ग बंद झाला की पेशी दुसऱ्यानं जाते. दोन्ही बंद झाले की अडकते. जनुकाचं महत्त्व त्याच्या एकट्याच्या अंगी नसून त्याच्या जाळ्यातल्या जागेत आहे, हे यातून आकड्यांनिशी सिद्ध झालं.

चौक आणि पूल

त्याआधी, २००० मध्ये, हावूंग जोंग, आल्बेर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ सजीवांच्या चयापचयाची जाळी तपासली. बहुतेक पदार्थ मोजक्याच रासायनिक क्रियांत भाग घेतात आणि थोडे पदार्थ प्रचंड संख्येनं, असा साचा त्यांना सगळीकडे दिसला. पुढच्याच वर्षी याच गटातल्या संशोधकांनी यीस्टमधल्या १,८७० प्रथिनांचं आणि त्यांच्यातल्या २,२४० दुव्यांचं जाळं मांडलं. पाच किंवा त्याहून कमी दुवे असलेली प्रथिनं ९३ टक्के होती. त्यातली फक्त २१ टक्के अत्यावश्यक होती. पंधराहून अधिक दुवे असलेली प्रथिनं एक टक्काही नव्हती, पण त्यातली ६२ टक्के अत्यावश्यक निघाली. जास्त जोडलेलं प्रथिन काढलं तर पेशी मरण्याची शक्यता जास्त, हा त्याचा अर्थ.

हा झाला चौकांचा हिशेब. पुलांचा हिशेब २००७ मध्ये मार्क गर्स्टीन यांच्या गटानं मांडला. जाळ्यातल्या कोणत्याही दोन बिंदूंमधले सर्वांत जवळचे मार्ग काढायचे आणि त्यातले किती मार्ग एखाद्या प्रथिनावरून जातात ते मोजायचं. ज्या जाळ्यांत दुव्याला दिशा असते, म्हणजे एक प्रथिन दुसऱ्या जनुकाला हुकूम देतं पण उलट नाही, तिथं अत्यावश्यक प्रथिन ओळखायला दुव्यांच्या संख्येपेक्षा हा हिशेब कितीतरी अधिक उपयोगी पडला. मोजकेच दुवे असलेलं, पण दोन मोठ्या वस्त्यांना जोडणारं प्रथिन गमावणं पेशीला फार महागात पडू शकतं.

या निष्कर्षांवर वादही झाले, आणि ते होणं गरजेचं होतं. निसर्गातली बहुतेक जाळी एकाच गणिती साच्यात बसतात, असा दावा काही काळ जोरात होता. २०१९ मध्ये ॲना ब्रॉइडो आणि आरन क्लॉसेट यांनी जवळपास हजार जाळी कसून तपासली आणि तो साचा काटेकोरपणे पाळणारी जाळी थोडीच असतात, असं दाखवलं. मोठा दावा मागे पडला तरी मूळ गोष्ट टिकून राहिली. पेशीतले सगळे बिंदू सारखे नसतात आणि त्यांच्या जागेला अर्थ असतो.

पवईतली तीन प्रथिनं

हजारो बिंदूंच्या जाळ्यात डोळे फिरतात. तीनच प्रथिनांचं जाळं घेतलं तर रचनेची किमया स्पष्ट दिसते, आणि त्यासाठी आपल्याला आयआयटी मुंबईत जावं लागतं. तिथले जीवशास्त्रज्ञ पी. जयदेव भट आणि केमिकल इंजिनिअरिंग विभागातले के. व्ही. व्यंकटेश यांनी यीस्टच्या गॅलॅक्टोज पचवण्याच्या यंत्रणेवर अनेक वर्षं एकत्र काम केलं. एकानं जनुकं हाताळायची, दुसऱ्यानं समीकरणं मांडायची. त्यांचं पहिलं गणिती प्रारूप १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं.

यीस्टला ग्लुकोज सर्वांत प्रिय. ते नसलं आणि दुधातल्या साखरेतून मिळणारं गॅलॅक्टोज समोर असलं, तरच ते पचवणारी एन्झाइम्स बनवण्याचा खर्च पेशी करते. त्या एन्झाइम्सची जनुकं गॅल-४ हे प्रथिन चालू करतं. एरवी गॅल-८० त्याला धरून गप्प बसवतं. पेशीत गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ त्याला बिलगतं, मग गॅल-८० ला पकडतं आणि गॅल-४ मोकळं होतं. इथवर गोष्ट सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे. गॅल-३ आणि गॅल-८० यांची जनुकंही गॅल-४ च्याच हुकमतीखाली असतात. म्हणजे यंत्रणा चालू झाली की तिला आणखी चालवणारं प्रथिन वाढतं आणि तिला आवरणारंही वाढतं. पुढे नेणारी फेरी आणि मागे ओढणारी फेरी, दोन्ही एकाच वेळी.

एखादं यंत्र असं का घडावं, हे गणिताशिवाय सांगता येत नाही. २००३ मध्ये मलखे वर्मा, भट आणि व्यंकटेश यांनी दाखवलं की गॅल-८० पेशीच्या केंद्रकात आणि बाहेरच्या द्रवात ये-जा करतं. त्यामुळे ही कळ फार संवेदनशील होते. गॅलॅक्टोजमधल्या थोड्याशा वाढीलाही ती ठाम प्रतिसाद देते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत मुरात अजार आणि सहकाऱ्यांनी याच यंत्रणेत आणखी एक अद्भुत गोष्ट पाहिली. सारख्याच प्रमाणात गॅलॅक्टोज असलेल्या द्रवात दोन प्रकारची यीस्ट ठेवली. आधी गॅलॅक्टोजवर वाढलेल्या पेशी चालू राहिल्या, आधी दुसऱ्या साखरेवर वाढलेल्या बंद राहिल्या, आणि हा फरक पिढ्यान् पिढ्या टिकला. फीडबॅकच्या फेऱ्या बदलल्या की ही आठवणही बदलत होती.

मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, एकच पेशी आहे. तरीही तिला भूतकाळ आठवतो. ती आठवण गॅल-३ मध्ये साठवलेली नाही, गॅल-४ मध्ये नाही, गॅल-८० मध्येही नाही. ती तिघांच्या नात्यात आहे. भट यांनी या सगळ्या प्रवासावर २००८ मध्ये एक ग्रंथ लिहिला. जनुकशास्त्रापासून जाळ्यांच्या जीवशास्त्रापर्यंतचा हा प्रवास महाराष्ट्रातल्या एका प्रयोगशाळेत घडला, याचा अभिमान आपण मोकळेपणानं बाळगायला हवा.

क्षयाच्या जंतूचा नकाशा

क्षयरोगाच्या जंतूचा जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरं, साधारण ४,००० जनुकं. त्यातल्या बऱ्याच जनुकांचं काम तेव्हा ठाऊक नव्हतं. २००८ मध्ये समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकारानं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) खुल्या पद्धतीच्या औषधशोधाचा प्रकल्प सुरू केला. देशभरातले विद्यार्थी आणि संशोधक इंटरनेटवरून त्यात सामील झाले. एकेका जनुकावरचे शोधनिबंध वाचायचे, त्याचा कोणाशी संबंध आहे ते ठरलेल्या पद्धतीनं नोंदवायचं, दुसऱ्यानं ते तपासायचं. या सामूहिक वाचनातून १,४३४ प्रथिनांचं आणि २,५७५ संबंधांचं जाळं उभं राहिलं. ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. जंतूच्या ८७ टक्के जनुकांच्या कामाची नोंद झाली आणि औषधाचा नेम धरता येईल अशी १७ मध्यवर्ती प्रथिनं समोर आली. त्यातली पाच आधीच प्रयोगांनी सिद्ध झालेली होती. नकाशा बरोबर वाट दाखवतो आहे, याची ती पावती होती.

क्षयाच्या बाबतीत असा नकाशा का हवा, हे आयसोनियाझिड या जुन्या औषधावरून कळतं. हे औषध जंतूच्या मेणचट आवरणाची घडण रोखतं. त्याचा नेम असतो इन्ह-ए या एन्झाइमवर. पण औषध जंतूत शिरतं तेव्हा निष्क्रिय असतं. जंतूचंच दुसरं एन्झाइम, कॅट-जी, त्याला सक्रिय करतं. आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये बिघाड पुष्कळदा या कॅट-जीमध्येच सापडतो. नेम जिथे धरला आहे तिथे काही बदललेलं नसतं. शेजारी बदल होतो आणि औषध वाया जातं. रुग्णाला एकाच वेळी अनेक औषधं का द्यावी लागतात, अर्धवट सोडलेला उपचार इतका घातक का, याचं एक उत्तर इथे आहे. एक वाट अडवली तर जंतूला दुसरी सापडू शकते.

पुण्याशी निकटचं नातं असलेले शेखर मांडे यांचं काम याच वळणाचं. नागपुरात जन्मलेले मांडे प्रथिनांची त्रिमितीय रचना उलगडणारे शास्त्रज्ञ. २०११ ते २०१८ या काळात ते गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक होते आणि त्यानंतर सीएसआयआरचे महासंचालक झाले. त्याआधी, २००७ मध्ये, त्यांनी सैलू येल्लाबोइना आणि क्षमा गोयल यांच्यासोबत ई. कोलाय या जिवाणूच्या जनुकांमधले संबंध फक्त जनुकसंचांच्या तुलनेतून ओळखण्याची पद्धत अधिक धारदार केली. अनेक जिवाणूंमध्ये दोन जनुकं शेजारी-शेजारी सापडत असतील, किंवा जिथे एक असतं तिथे दुसरंही असतं, तर त्यांचं काम एकमेकांत गुंतलेलं असण्याची शक्यता मोठी. हे निष्कर्ष त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांच्या माहितीशी ताडून पाहिले.

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रामरूप सरकार यांच्या गटानं काळा आजार घडवणाऱ्या लिशमानिया परजीवीच्या ऊर्जाव्यवहाराचं जाळं मांडलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रारूपात १४२ जनुकं, २३७ रासायनिक क्रिया आणि पेशीचे पाच कप्पे आहेत. हा परजीवी काही काळ वाळूमाशीच्या आतड्यात राहतो, काही काळ माणसाच्या रक्षकपेशींत. दोन्हीकडचं खाणं वेगळं. प्रारूपाचं तत्त्व साधं आहे: पेशीत जेवढा पदार्थ बनतो, तेवढाच वापरला किंवा बाहेर टाकला गेला पाहिजे. प्रत्येक पदार्थासाठी असं समीकरण लिहायचं आणि त्या मर्यादांत पेशीची वाढ जास्तीत जास्त कशी होईल ते काढायचं. मालवाहतुकीचं नियोजन करणारं लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित इथेही तसंच चालतं. मग कॉम्प्युटरवर एकेक क्रिया बंद करून पाहता येते. कोणत्या क्रियेवाचून परजीवीचा श्वास कोंडतो, हे प्रयोगशाळेत शिरण्याआधीच अंदाजानं कळतं.

नदीपलीकडचं हडपसर

हडपसर औद्योगिक वसाहतीत टाटा समूहाची, १९८१ मध्ये स्थापन झालेली संशोधन संस्था आहे. तिथून काम करणाऱ्या टीसीएसच्या जीवविज्ञान संशोधन विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख शर्मिला मांडे आणि त्यांचे सहकारी भूषण कुंटल, प्रांजल चांद्रकार व सुदीप्त साधू यांनी ‘नेटशिफ्ट’ ही पद्धत मांडली. आपल्या आतड्यात शेकडो प्रकारचे जिवाणू नांदतात. निरोगी आणि आजारी माणसांच्या जिवाणूंची तुलना करताना पूर्वी कोण वाढला आणि कोण घटला, एवढंच पाहिलं जाई. या गटानं विचारलं, कोणाचे शेजारी बदलले? दोन्ही अवस्थांची जाळी शेजारी ठेवून, एखाद्या जिवाणूच्या नात्यांत किती उलथापालथ झाली आणि आजारी जाळ्यात तो अधिक मध्यवर्ती झाला का, हे त्यांनी मोजलं. एखाद्याची संख्या फारशी न बदलताही त्याची नाती पालटू शकतात. आजाराकडे नेणारा जिवाणू कदाचित तोच असेल. ही पद्धत वेबवर सर्वांना वापरता येईल अशी त्यांनी उपलब्ध करून दिली.

शेजाऱ्यांकडे पाहून मधल्याचं महत्त्व ओळखण्याची हीच युक्ती पेशीच्या आत किरण रावसाहेब पाटील यांनी आधी वापरली होती. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात येन्स नील्सन यांच्यासोबत २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की एखाद्या पदार्थाभोवतीच्या एन्झाइम्सची जनुकं एकदम बदलत असतील, तर पेशीची खरी हालचाल त्या पदार्थापाशी आहे. पुढे हायडलबर्गच्या युरोपीय संस्थेत असताना २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कामात ते सहभागी होते. हजारांहून अधिक औषधं आतड्यातल्या ४० जिवाणूंवर तपासली गेली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, प्रतिजैविक नसलेल्या औषधांपैकी जवळपास एक चतुर्थांश औषधांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली. रक्तदाबाची किंवा मनाच्या आजाराची गोळी घेताना आपण एक बिंदू हलवतो असं समजतो. हलतं मात्र सगळं जाळं.

नकाशा कुठे अपुरा पडतो

रस्त्यांच्या नकाशाशी पेशीची तुलना एका टप्प्यावर सोडून द्यावी लागते. रस्ता सकाळी असतो आणि संध्याकाळीही असतो. पेशीतला दुवा काही सेकंदांपुरता असू शकतो. तीच दोन प्रथिनं यकृतात भेटतात, मेंदूत भेटत नाहीत. शिवाय आपला नकाशा अजून अर्धाही झालेला नाही. माणसाच्या २० हजार प्रथिनांच्या शक्य जोड्या जवळपास २० कोटी होतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वांत व्यापक चाचण्यांपैकी एकीत थेट भेटीच्या सुमारे ५३ हजार जोड्या नोंदल्या गेल्या. ज्या प्रथिनांवर जास्त अभ्यास झाला, त्यांचे दुवेही जास्त सापडतात. त्यामुळे नकाशावरचा मोठा चौक कधीकधी पेशीपेक्षा आपल्या कुतूहलाचाच असतो.

म्हणून जाळ्यानं दाखवलेली प्रत्येक जागा टेबलावरच्या प्रयोगानं तपासावी लागते. पवईत भट आणि व्यंकटेश यांचं काम फळाला आलं, कारण समीकरण आणि यीस्टची बशी एकमेकांना रोज प्रश्न विचारत होती. नुसत्या कॉम्प्युटरवरचं जाळं म्हणजे सुशिक्षित अंदाज. नुसती बशी म्हणजे एका वेळी एकच प्रश्न.

खराडीच्या हाती काय आहे

पुण्याला या क्षेत्राची पूर्वपुण्याई आहे. पुणे विद्यापीठात अशोक कोळसकर यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये जीवमाहितीशास्त्राचं केंद्र सुरू झालं, तेव्हा हे शास्त्र जगातही बाल्यावस्थेत होतं. सी-डॅक या इथल्याच संगणक संशोधन संस्थेनं १९९१ मध्ये परम महासंगणक उभा केला आणि पुढे जीवशास्त्राच्या गणितांसाठी आपली संगणकशक्ती संशोधकांना खुली केली. आणि आज खराडीत ग्राफ डेटाबेस चालवणारे, व्यवहारांच्या जाळ्यातून फसवणूक हुडकणारे, वाहतुकीचे मार्ग काढणारे इंजिनिअर्स मोठ्या संख्येनं आहेत. बिंदू, दुवा, लघुतम मार्ग या कल्पना त्यांच्या रोजच्या वापरातल्या. प्रथिनांच्या संबंधांची माहिती देणारा स्ट्रिंग हा कोश आणि जाळी मांडून पाहण्याचं सायटोस्केप हे सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. क्षयाच्या जंतूचा नकाशा विखुरलेल्या स्वयंसेवकांनी घडवून दाखवला, म्हणजे वाटही मळलेली आहे.

उणीव आहे ती ओळखीची. बीएस्सीला जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींना आलेखांचं गणित शिकवलं जात नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांचा पेशीशी संबंध बारावीत संपतो. दोघांनाही एकमेकांच्या विषयाचं एकेक सत्र मिळालं, खराडीतल्या कंपन्यांनी आपल्या इच्छुक इंजिनिअर्सना वर्षातले काही दिवस पाषाणच्या आणि गणेशखिंडीच्या प्रयोगशाळांसोबत काम करण्याची मुभा दिली, तर या शहरात जे घडेल त्यासाठी नवी इमारतही बांधावी लागणार नाही. औषधाला दाद न देणारा क्षय, कर्करोगाचं पुन्हा डोकं वर काढणं, एकाच गोळीचा दोन माणसांवर होणारा वेगळा परिणाम, हे प्रश्न आपल्या घराघरांतले आहेत. त्यांची उत्तरं एका जनुकात शोधून झाली. ती पुरेशी निघाली नाहीत. आता ती जनुकांच्या संबंधांत शोधायची आहेत, आणि त्यासाठी आधी पेशी जाणणाऱ्यांनी आणि जाळी जाणणाऱ्यांनी आपसात संबंध जोडायला हवा.